भिऱ्यापासून रेवदंड्यापर्यंत कुंडलिकेच्या काठाने : मार्गदर्शन हवे आहे

नागावकर (प्रश्न)

नमस्कार.

दिवाळीनंतर पुण्याहून बहीण, मेहुणे आणि दोन भाचे आमच्याकडे येणार आहेत. अलिबाग, नागाव आणि किहीमचे किनारे त्यांनी इतक्या वेळा पाहिले आहेत की या खेपेला समुद्राचे नाव काढायचे नाही, असे भाच्यांनी आधीच बजावले आहे. त्यांना कोलाडला राफ्टिंग करायचे आहे. मला त्याला हरकत नाही; मात्र दोन तास पाण्यात भिजून परत येण्यापेक्षा कुंडलिका सह्याद्रीतून उतरते तिथपासून ती रेवदंड्याला समुद्राला मिळते तिथपर्यंतची सबंध नदी दोन दिवसांत पाहता आली, तर मुलांना आपल्या जिल्ह्याची काही ओळख होईल, असे वाटते.

काही देशांत नदीकाठचा असा पट्टा सरकार उद्यान म्हणून राखते, आणि एकाच फाटकातून आत गेले की नौकाविहार, जंगलातल्या पायवाटा, एखादी जुनी वास्तू आणि तिची माहिती देणारा फलक हे सगळे तिथे मिळते. आपल्याकडे नदी आहे, जंगल आहे, किल्ले आहेत. त्यांची जोडणी मात्र आपल्यालाच करावी लागते. म्हणून जाणकारांना विचारतो.

राफ्टिंगचे पाणी सकाळीच येते, दुपारी गेल्यास नदी उथळ झालेली असते, असे ऐकले आहे. पावसाळा संपल्यानंतरही रोज ठरावीक वेळी पाणी येते, ते कुठून? कोलाडखेरीज या काठावर इतिहासाच्या दृष्टीने पाहण्यासारखे काय आहे? आणि सत्तरी ओलांडलेली आई बरोबर असेल, तिला झेपेल असा काही भाग या प्रवासात आहे का?

माणगावचा निवृत्त अभियंता

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देतो, कारण ते समजल्याशिवाय ही नदी समजत नाही, आणि राफ्टमध्ये बसणाऱ्या बहुतेकांना ते कोणी सांगतही नाही.

पावसाळा सोडला तर कोलाडच्या वर कुंडलिकेत जे पाणी वाहते, त्यातले बहुतेक कुंडलिकेचे नसून मुळा नदीचे असते. मुळा ही घाटावरची नदी. ती पुण्याकडे जाते, पुढे मुठेला मिळून भीमेत आणि भीमेतून कृष्णेत जाते, म्हणजे तिचे पाणी स्वाभाविकपणे बंगालच्या उपसागराला जायचे. मुळशीला धरण बांधून ते पाणी अडवण्यात आले आणि सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे ५०० मीटर खाली, कोकणाच्या बाजूला भिरा येथील वीजगृहात सोडण्यात आले. टाटांचे हे वीजगृह १९२७ साली सुरू झाले. त्याआधी खोपोली (१९१५) आणि भिवपुरी (१९२२) ही वीजगृहे याच पद्धतीने उभी राहिली होती, आणि त्यांच्यामुळे पाताळगंगेला आणि उल्हासला बारमाही पाणी मिळाले. पुढे कोयनेचे पाणी पोफळीमार्गे वाशिष्ठीत आले, त्यामागेही हीच कल्पना आहे. कोकणातल्या नद्या होळीनंतर जवळजवळ कोरड्या पडतात. ज्या मोजक्या नद्यांना वैशाखातही धार असते, त्यांतल्या कितीतरी नद्यांना घाटमाथ्यावरून असे पाणी उसने मिळालेले आहे.

आता वेळेविषयी. जलविद्युत केंद्राचा मोठा गुण असा की, ते काही मिनिटांत चालू किंवा बंद करता येते. त्यामुळे विजेची मागणी वाढते त्या वेळी ते चालवतात. भिऱ्याच्या जुन्या वीजगृहाची क्षमता १५० मेगावॉट आहे. त्याशिवाय तिथे १५० मेगावॉटचा उदंचन संच आहे, जो मागणी कमी असताना खालच्या तलावातले पाणी पुन्हा वर चढवतो. भिऱ्यातून बाहेर पडलेले पाणी लगेच नदीत मोकळे होत नाही. ते खाली अडवून रवाळजे येथील शासनाच्या ८० मेगावॉटच्या वीजगृहातून पुन्हा एकदा वापरले जाते, आणि तिथून सुटले की नदीला येते. राफ्टिंगवाले ज्या पाण्याची वाट पाहतात ते हेच. पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावर ते तिसऱ्यांदा कामी येते आणि कालव्यांनी रोहा, माणगाव भागातल्या उन्हाळी भाताला जाते. म्हणजे नौकाविहार हा या व्यवस्थेचा हेतू नव्हे. वीज आणि शेती यांच्यामध्ये नदीच्या पात्रातून पाणी जाते, तेवढ्या वेळेत तो साधून घेतलेला आहे. म्हणूनच वेळ आपल्या सोयीने ठरत नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी चौकशी करावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर तिथे हजर राहावे.

यातून एक धोकाही निघतो, तो लहान मुलांना अवश्य सांगावा. दुपारी पात्रातले खडक उघडे पडतात, पाणी घोट्याएवढे दिसते आणि लोक मध्यभागी जाऊन बसतात. ऊन असते, आकाश निरभ्र असते, आणि तरीही पाणी अचानक चढू शकते. धरणाखालच्या नदीत पाऊस नाही म्हणजे पूर नाही, हा हिशोब चालत नाही.

पौडची वाचक

वरील माहिती अचूक आहे, पण ‘मुळशीला धरण बांधून पाणी अडवण्यात आले’ या एका वाक्यात जे झाकले जाते, ते पुण्याहून येणाऱ्या मुलांना आधी सांगायला हवे, असे मला वाटते. आमचे मूळ गाव त्या तलावाखाली आहे.

मुळशी पेट्यातल्या शेतकऱ्यांनी १९२१ च्या रामनवमीला, म्हणजे १६ एप्रिल रोजी, सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्याचे प्रमुख नेते होते. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी या लढ्यातूनच मिळाली. भाताची उत्तम जमीन बुडणार होती आणि बदल्यात मिळणारे पैसे पुष्कळ ठिकाणी कसणाऱ्याच्या नव्हे, तर कागदोपत्री जमीन ज्यांच्या नावावर होती त्या सावकारांच्या हाती जाणार होते. हा लढा तीन वर्षे चालला. शेवटी बापटांनी रेल्वे रोखून धरली, त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली, आणि धरण झाले. धरणामुळे विस्थापित झालेल्या लोकांनी केलेला हा जगातल्या अगदी सुरुवातीच्या संघटित लढ्यांपैकी एक मानला जातो. गिरण्यांना आणि मुंबईला वीज मिळाली हे खरे. मुळशीतल्या अनेक वाड्यांना मात्र त्यानंतर कित्येक वर्षे विजेचा दिवा दिसला नाही, हे आमच्या घरात तिसरी पिढी सांगत आली आहे.

त्यामुळे माझी सूचना अशी की, आपल्या बहिणीच्या कुटुंबाने अलिबागला येऊन मग कोलाडला जाण्याऐवजी पुण्याहून थेट मुळशी आणि ताम्हिणी घाटमार्गे खाली उतरावे, आणि आपण त्यांना कोलाडला भेटावे. वाटेत मुळशीचा तलाव उजव्या-डाव्या हाताला बराच वेळ साथ करतो. तिथे थांबून, हेच पाणी उद्या सकाळी तुमच्या राफ्टखाली असेल, एवढे सांगितले तरी पुरे. घाटातले जंगल २०१३ पासून अभयारण्य आहे. शेकरू दिसण्याची शक्यता चांगली असते, फक्त गाडीतली गाणी बंद ठेवावी लागतील.

कोलाडकर

मी या व्यवसायाशी संबंधित आहे, परंतु इथे कोणत्याही कॅम्पची जाहिरात करणार नाही.

राफ्टिंगचा पट्टा सुमारे १२ ते १४ किलोमीटरचा आहे आणि पाण्याच्या जोरानुसार त्याला दोन ते अडीच तास लागतात. धारा दुसऱ्या ते तिसऱ्या श्रेणीच्या आहेत. पोहता न येणाऱ्या माणसालाही हा प्रवास करता येतो, मात्र लाइफ जॅकेट आणि हेल्मेट अंगाला घट्ट बसलेले हवे. जॅकेट खांद्याजवळ धरून वर ओढून पाहावे. ते कानापर्यंत सरकत असेल तर दुसरे मागावे, आणि मागताना संकोच करू नये. प्रत्येक राफ्टमध्ये प्रशिक्षित गाईड आणि सोबत बचावासाठी कयाक आहे की नाही हे विचारावे. राज्याचे साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले, त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. ते प्रमाणपत्र पाहायला मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे आणि चांगला व्यावसायिक त्याचा राग मानत नाही. भाच्यांची वये आपण लिहिलेली नाहीत. फार लहान मुलांना राफ्टमध्ये घेत नाहीत, तेव्हा आरक्षणापूर्वीच वय सांगावे, म्हणजे काठावर रडारड होणार नाही.

पहिल्या काही धारांना जोर असतो. नंतर नदी रुंद आणि संथ होते आणि दोन्ही बाजूंना गर्द झाडी लागते. बहुतेक मंडळी या संथ पाण्यात एकमेकांना ढकलण्यात वेळ घालवतात. माझ्या मते खरी नदी तिथेच दिसते. खंड्या, पाणकावळे आणि ढोकरी तिथे सहज दिसतात, मात्र त्यासाठी राफ्टमधल्या सगळ्यांनी दहा मिनिटे गप्प बसायला हवे, आणि हे तिसऱ्या श्रेणीच्या धारेपेक्षा अवघड आहे.

देवकुंडाच्या धबधब्याचे नाव भाच्यांच्या तोंडी असणारच. भिरा-पाटणूसकडून तिथे जंगलातून चालत जावे लागते आणि वाटेत ओढे ओलांडावे लागतात. पावसाळ्यात तिथे जाण्यावर प्रशासन दरवर्षी बंदी घालते, कारण ओढ्यांना अचानक पूर येऊन आणि कुंडात बुडून लोकांचे जीव गेलेले आहेत. दिवाळीनंतर वाट मोकळी असते, परंतु स्थानिक वाटाड्या घ्यावा आणि कुंडात उतरू नये. राफ्टिंग आणि देवकुंड एकाच दिवशी करू नका. सकाळी पाण्यात दमलेली मुले दुपारी खडकांवरून चालताना घसरतात, हे आम्ही दर हंगामात पाहतो.

नागावकर

सर्वांचे आभार. मुले लहान नाहीत, एक दहावीत आणि दुसरा महाविद्यालयात आहे. ताम्हिणीमार्गे येण्याची सूचना मेहुण्यांना पसंत पडली आहे. पौडच्या ताईंनी लिहिलेला मजकूर त्यांनी भाच्यांना वाचून दाखवला. आता कोलाडच्या खालच्या भागाविषयी आणि आईविषयी कोणी लिहिल्यास बरे होईल. कोलाडहून पुढे नदीतूनच होडीने रेवदंड्यापर्यंत जाता येईल का?

रोह्याचे गुरुजी

सबंध प्रवास होडीने करता येणार नाही. डोलवहाळला बंधारा आहे आणि त्याखाली रोह्यापर्यंत पात्र उथळ आणि खडकाळ आहे. रोह्याच्या जवळपास भरतीचे पाणी येऊ लागते आणि तिथून पुढे नदीची खाडी होते.

कोलाड आणि रोहा यांच्यामध्ये धाटावची औद्योगिक वसाहत लागते. तिथे रासायनिक कारखाने आहेत, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची जी यादी केली आहे, तिच्यात कुंडलिकेचा रोह्याखालचा भाग आहे. पाहुण्यांना गाडीच्या काचा वर करायला सांगून हा भाग पार करण्याची रीत आहे. तसे करू नये. वर जे स्वच्छ पाणी अंगावर घेतले त्याचे खाली काय होते, हेही मुलांनी पाहिले पाहिजे. काठावरच्या गावांतली वयस्क माणसे खाडीतल्या मासळीविषयी, विशेषतः जिताड्याविषयी, भूतकाळातच बोलतात.

रोहा गावात नदीकाठी बसण्याफिरण्याची चांगली सोय झालेली आहे. आपल्या आईंसाठी ही जागा योग्य आहे. पायऱ्या फारशा चढाव्या लागत नाहीत आणि संध्याकाळी वारा असतो. स्वाध्याय परिवाराचे प्रवर्तक पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म १९२० मध्ये रोह्यातच झाला, त्यामुळे आपल्या आई स्वाध्यायी असतील तर त्यांना या गावाविषयी वेगळी ओढ वाटेल. चिंतामणराव देशमुखांचा जन्म रायगडाजवळच्या नाते गावी १८९६ साली झाला, पण त्यांचे बालपण रोह्यात गेले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडणारा हा माणूस याच नदीच्या काठी वाढला. गावातल्या मुलांना आज त्यांच्याविषयी विचारले तर ती शाळेच्या नावापलीकडे जात नाहीत. शिक्षक म्हणून याचा दोष मी मुलांना देत नाही.

रेल्वेची आवड असेल तर आणखी एक गोष्ट. ७४१ किलोमीटरच्या कोकण रेल्वेचा आरंभ रोह्यापासून होतो आणि कोलाड हे तिचे पहिले स्थानक आहे. रोहा ते वीर हा टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला आणि १९९८ मध्ये सबंध मार्ग खुला झाला.

दोन्ही भाचे धडधाकट दिसतात, तेव्हा त्यांना दुसऱ्या दिवशी पहाटे अवचितगडावर पाठवावे. मेढे गावातून वर जाणारी वाट दाट झाडीतून जाते. गडावर बारा कोनांचा तलाव आहे, तटबंदी बऱ्यापैकी शाबूत आहे आणि वरून कुंडलिकेचे खोरे दूरवर दिसते. नदी कोठून आली आणि कोठे चालली हे नकाशाशिवाय समजावून देणारी दुसरी जागा या तालुक्यात नाही. ती दोघे गडावर असतील तोपर्यंत मोठ्यांनी रोह्यात न्याहारी करावी.

चौलची वाचक

गुरुजींनी रोह्यापर्यंत आणून सोडले आहे, तेव्हा तिथून पुढचे मी लिहिते.

रोह्याहून चणेऱ्यामार्गे साळावला यावे. हा रस्ता खाडीच्या दक्षिण बाजूने येतो आणि वाटेत खारभूमीची शेते, बांध आणि कांदळवन दिसते. बहुतेक पर्यटक हे नुसते चिखलाचे रान समजतात. खाडीचे खारे पाणी भातात शिरू नये म्हणून शेतकऱ्यांनी मातीचे बांध घालून ही जमीन पिढ्यान्‌पिढ्या राखली आहे, आणि जिथे बांध फुटले तिथे शेताची जागा तिवरांनी घेतली आहे. ओहोटी असेल तर चिखलावर निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) उड्या मारताना दिसतील. आईंना गाडीत बसूनही हे पाहता येईल.

साळावहून डावीकडे मुरूडच्या रस्त्याने थोडे गेले की कोर्लई लागते. खाडीच्या तोंडाशी समुद्रात घुसलेल्या डोंगरावर किल्ला आहे आणि त्याच्या एका बाजूला कुंडलिकेची खाडी, तर दुसऱ्या बाजूला मोकळा समुद्र आहे. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो निजामशाहीकडून मोठ्या लढाईनंतर घेतला. किल्ल्याखालच्या गावात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून तयार झालेली बोली आजही घराघरांत बोलली जाते. लोक सौजन्याने बोलतात, पण त्यांना प्रेक्षणीय वस्तूप्रमाणे वागवू नये. बोलण्याची इच्छा असेल तर आधी मासळी विकत घ्यावी, गप्पा आपोआप सुरू होतात.

पूल ओलांडला की रेवदंडा. आजचे रेवदंडा गाव पोर्तुगीज तटाच्या आत वसलेले आहे, त्यामुळे नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून चालता चालता अचानक एखादी पडकी चर्चची भिंत किंवा कमान समोर येते. सातखणी मनोऱ्याचे उरलेले मजले दुरूनही ओळखू येतात. पोर्तुगीजांनी इथे १५१६ मध्ये वखार घातली आणि त्यानंतर किल्ला बांधला. १५७०-७१ मध्ये निजामशहाने घातलेला वेढा त्यांनी परतवला. आणि वसई पडल्यानंतर १७४० मध्ये चौल-रेवदंडा आणि कोर्लई ही दोन्ही ठाणी मराठ्यांकडे आली. चौल बंदर मात्र याहून फार जुने आहे. टॉलेमीच्या भूगोलात त्याचा उल्लेख आहे, अरब प्रवासी अल-मसूदी दहाव्या शतकाच्या आरंभी इथे येऊन गेला, आणि अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात इथेच हिंदुस्थानच्या भूमीवर उतरला. त्याचे स्मारक रेवदंड्यात आहे. व्यापाराची पेठ पुढे मुंबईला गेली आणि खाडीत गाळ साचत राहिला. बंदर म्हणून चौलचे महत्त्व संपायला या दोन्ही गोष्टी कारण झाल्या.

आपण नागावचे, म्हणजे हे सगळे आपल्या दारातच आहे, आणि तरी इथल्या किती जणांनी रेवदंड्याचा तट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून पाहिला आहे, हा प्रश्नच आहे. आमच्याकडे पाहुणे आले की आपण त्यांना थेट वाळूवर नेतो.

वेळेविषयी एवढेच सांगते. कोर्लईचा चढ उन्हात त्रास देतो, म्हणून तिथे दुपारी चारनंतर जावे, आणि अंधारापूर्वी खाली उतरावे, कारण वर दिव्यांची सोय नाही. आईंनी तोवर खाली बंदरावर थांबावे. रेवदंड्याचा समुद्राकडचा तट पायथ्याने पाहायचा असेल तर ओहोटी हवी. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते, आणि आपला प्रवास पौर्णिमेच्या आसपास आला तर उधाणाचे पाणी तटाच्या दगडांना लागते. तेव्हा तारीख ठरवण्यापूर्वी पंचांगात तिथी पाहावी आणि कोळीवाड्यात एकदा विचारून घ्यावे. अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी असते. तेव्हा भरतीचा जोर कमी असतो, पण ओहोटीही फार लांब जात नाही. त्यामुळे तट पायथ्याने पाहायचा असल्यास अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस निवडून ओहोटीची वेळ गाठणे सोयीचे पडेल, आणि दिवाळी अमावास्येचीच असल्यामुळे भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी निघालात तर ते जमून येईल.